केर वगळून

सरोवरकाठच्या बालिक्ची गावी रस्त्याकडेला वाळवलेले मासे विकणाऱ्या बायकांत उलकान सर्वांत कमी बोलायची, आणि तरी तिचे मासे सर्वांत आधी संपायचे. बिश्केकहून सरोवराकडे जाणाऱ्या मोटारी थांबत, काच खाली होई, कोणीतरी भाव पाडून मागे, आणि उलकान नुसती बघत राही. त्या बघण्यापुढे भल्याभल्यांची घासाघीस बंद पडायची. बाकीच्या बायका म्हणायच्या, "हिला तोंड उघडायचे पैसे पडतात." ती त्यावरही काही बोलायची नाही. मासळीचा कारखाना चालू होता तेव्हा ती तिथे डबे भरायची. कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, नुसत्या भिंती उरल्या, आणि ती रस्त्यावर येऊन बसली. घळीतून उलान वारा सुटला की वाळू दातांखाली करकरायची. तिला त्याचीही सवय झाली होती.

घरात बोलायचं काम नवऱ्याकडे होतं. सागिन जहाजदुरुस्तीच्या गोदीत वीजतंत्री होता. गोदी बंद झाली तरी त्याची वीज काही बंद झाली नाही. गल्लीतल्या कोणाच्याही इस्त्रीत, पंपात, टीव्हीत त्याचं नाक असायचं. आपण तंत्रशिक्षण घेतलेला माणूस आहोत हे तो दर दोन वाक्यांनंतर आठवण करून द्यायचा. काम असेल तेव्हा बायकोला 'बायबिचे', म्हणजे घरधनीणबाई म्हणायचा, काम नसेल तेव्हा 'म्हातारे'. ती त्याला दोन्ही वेळा 'अहो'च म्हणायची, कारण नवऱ्याचं नाव घेणारी सून तिच्या पिढीत अजून जन्मायची होती.

म्हातारपणी सागिनला एक नाद लागला. कुठल्याशा कचेरीनं टाकून दिलेला कंप्युटर त्यानं घरी आणला, त्यात मोठ्या डिस्क बसवल्या आणि कोठीच्या खोलीत, मिठाच्या पोत्याशेजारी मांडला. बिश्केकमधली मुलगी जीपार, कोरियात गेलेले पुतणे, काराकोलचे भाचे, सगळ्यांनी आपापले फोटो आणि लग्नांचे व्हिडिओ त्यात पाठवायचे आणि हवे तेव्हा त्यातून बघायचे, अशी त्याची योजना. यंत्राला घरात सगळे 'संदूक' म्हणू लागले. सागिनला फार बरं वाटलं. गोदी गेल्यापासून त्याच्यावाचून कोणाचं अडलं नव्हतं, आणि आता अख्ख्या कुळाची जिंदगी त्याच्या कोठीत घरघरत होती.

या दोघांना एक मुलगा होता. त्याच्याविषयी आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यापाशीच येऊन थांबतं.

उलकानची पहिली दोन बाळं पाळण्यातच गेली. तिसऱ्या वेळी सागिनच्या थोरल्या बहिणीनं, कालिपा एजेनं ('एजे' म्हणजे ताई), सूत्रं हातात घेतली. तिनं घर झाडायला लावलं, केर उंबऱ्याबाहेर गोळा केला आणि दुपट्यातलं बाळ त्या केरावर, झाडूशेजारी ठेवायला लावलं. मग ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि वाटसरूसारखी परत येऊन दारात थांबली.

"अगं ए, तुमच्या केरात हे काय पडलंय? टाकलंय का राहिलंय?"

"टाकलंय," उलकाननं ठरल्याप्रमाणे तोंड वाकडं करून सांगितलं. "आम्हाला नको. हवं तर तुम्ही न्या."

"मी काय करू याला? असू दे तुझ्याकडे. पडून राहील कोपऱ्यात."

म्हणून नाव ठेवलं ताश्तान, म्हणजे टाकलेला. ज्याला आईबापच विचारत नाहीत त्याला मृत्यू तरी कशाला विचारील, असा त्यामागचा हिशोब. सागिन तेव्हा टोपी हातात घेऊन बाजूला हसत उभा होता. "आजकाल रोगजंतूंना नावं वाचता येतात वाटतं," असंही तो म्हणाला. पण पोरगं जगलं. मोठं झालं, उंच झालं, बापासारखं बडबडं आणि आईसारखं हट्टी निघालं.

आमच्याकडे धाकट्या मुलानं आईबापांच्या चुलीपाशी राहायचं असतं, आणि ताश्तान तर एकुलता एक मुलगा होता. सागिननं ओळखीपाळखी लावून त्याच्यासाठी रेल्वे स्टेशनात नोकरी बघितली. ताश्ताननं ती एक हिवाळा केली आणि सोडली. मॉस्कोला निघाला. ज्या दिवशी निघाला त्या दिवशी सागिन अंगणात पंप उघडून बसला होता. त्यानं मान वर केली नाही. पुढेही केली नाही. पोरानं फोन केला की तो उलकानकडे बोट दाखवायचा आणि उठून बाहेर जायचा.

मग ताश्ताननं फोन करणं सोडलं आणि आईला आवाजाचे निरोप पाठवायला लागला. गोदामातून परतताना, बसची वाट बघताना, तोंडात घास असताना. "आई, रश्श्यात मीठ आधी घालायचं की मांस शिजल्यावर? इथं सगळ्यांची भांडणं लागलीत." "आई, बर्फ पडतोय. आपल्यासारखा नाही, घाणेरडा." "आई, बूट घेतले, काळजी करू नकोस, खोटं सांगत नाही." आणि शेवटच्या दिवसांतला एक: "बाबांना माझा सलाम सांग. रागावलेत ते, माहीत आहे मला. उन्हाळ्यात येतो म्हणावं, छपराचं काम दोघं मिळून करू." उलकाननं तो निरोप जेवताना सांगितला. सागिननं नुसतं "हं" केलं आणि चहाचा वाडगा पुढे सरकवला.

उन्हाळ्याआधीच ताश्तान जस्ताच्या पेटीतून आला. ज्या खोलीत तो गोदामातल्या पोरांबरोबर राहायचा तिथं गॅसच्या शेगडीचा धूर कोंडला, झोपेतच गेला. पेटी डाग देऊन बंद केलेली होती आणि उघडू नका असं बजावलेलं होतं. त्याला अंघोळ घालता आली नाही, तोंड बघता आलं नाही. सागिननं पेटीच्या झाकणावर हात ठेवला, जोडकामाची रेघ बोटांनी चाचपली, आणि डाग नीट दिलाय असं काहीतरी पुटपुटला. लोकांना ते विचित्र वाटलं. उलकानला नाही वाटलं. त्याच्याकडे दुसरे शब्दच नव्हते हे तिला माहीत होतं.

चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी कालिपा एजे येऊन राहिली. उलकान तेव्हा दिवसभर फोन कानाला लावून बसायची.

"उद्या मशिदीतले मोल्दो येतील, कुराण वाचतील. त्याच्याआधी ते पुसून टाक," एजे म्हणाली. "मेलेल्याला असं हाका मारून मारून उठवायचं नसतं. तिकडं त्याला पाय टेकायला जागा मिळत नाही. तू इथं रडतेस, तो तिकडं पाण्यात निजतो."

"मी रडत नाही, एजे. ऐकते."

"तेच ते. उद्या पुसायचं. माझ्यादेखत."

उलकाननं नवऱ्याकडे पाहिलं. सागिन कोपऱ्यात वायरीचं भेंडोळं सोडवत बसला होता. सोडवतच राहिला.

त्या दुपारी एजे शेजारी कढई मागायला गेली तेव्हा उलकान कोठीत शिरली. संदुकीत वस्तू कशी ठेवायची हे सागिननंच तिला शिकवलं होतं, भरपूर हसून, "म्हातारे, हा मासा नाही, शेपटीला नको धरूस" असं म्हणत. पण डबे भरणारे हात ते; एकदा दाखवलेलं विसरत नसत. तिनं फोन जोडला. नवीन फोल्डर केलं. यंत्रानं नाव विचारलं. तिनं ताश्तान लिहिलं, आणि बोटं थांबली. त्या नावानं मृत्यूला एकदा फसवलं होतं, पण आता त्याला ते पाठ झालं होतं. पुन्हा त्याच नावानं ठेवलं तर तो सरळ चालत येईल. तिनं ते पुसलं आणि लिहिलं: केर. उंबऱ्याबाहेरचा तो ढीग तिच्या डोळ्यांसमोर होता. नाव लिहून झाल्यावर तिला पहिल्यांदा श्वास पुरा घेता आला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिनं फोनमधले निरोप पुसले. एजेनं पडदा स्वतः बघून खात्री केली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सागिनही दारातून बघत होता. संदुकीतल्या फोल्डरबद्दल तिनं कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर एजे रागावली असती आणि नवरा हसला असता. शिवाय लपवलेल्या गोष्टीचं नाव तोंडानं घेतलं की ती लपलेली राहत नाही, अशी तिची समजूत.

त्यानंतर सागिन स्टेशनावर डॉमिनो खेळायला गेला की उलकान हात पुसून कोठीत जायची. माशांचा वास काही जायचा नाही. इअरफोन एकाच कानात घालायची, दुसरा फाटकाच्या आवाजासाठी मोकळा. मीठ आधी की नंतर. घाणेरडा बर्फ. खोटं सांगत नाही. दोन वाक्यांमध्ये तो नाक ओढायचा, ते तिला सगळ्यांत आवडायचं. मग संदूक जशी होती तशी करून ती चुलीपाशी यायची आणि सागिन परत आला की त्याला चहा द्यायची. असं करत तिनं ते वर्ष काढलं, आणि काढता आलं ते त्या कोठीमुळेच.

शरद ऋतूत जीपारचा फोन हरवला आणि त्यातले पोरांचे फोटो गेले. सागिन खडबडून जागा झाला. संदुकीचं काही झालं तर? त्यानं एक जुनी डिस्क पैदा केली. ठरवलं की दर शुक्रवारी संदुकीची प्रत तिच्यावर घ्यायची आणि ती डिस्क दुसऱ्या घरात, म्हणजे कालिपा एजेकडे ठेवायची, म्हणजे एक घर जळालं तरी दुसरं उरेल. विचार चोख होता. अडचण एवढीच की डिस्क लहान होती आणि संदूक काठोकाठ भरली होती. आमच्या लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ म्हणजे काय ते आम्हालाच माहीत. पाहुण्यांनी घोडे बांधल्यापासून शेवटच्या म्हातारीनं मिठाई पदरात बांधेपर्यंत सगळं असतं. त्यात एकेकानं तेच चार-चारदा पाठवलेलं. तेव्हा काहीतरी वगळणं भागच होतं.

एजेच्या घरी नातवाच्या सुंतेची मेजवानी होती. सागिननं तिथंच जाहीर केलं, जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाच्या मानाच्या टोकाला बसून, हातात मेंढीच्या कानाचा तुकडा धरून.

"ऐका सगळे. जे नको असेल, दुबार असेल, हललेलं असेल, ते 'केर' नावाच्या फोल्डरमध्ये टाका. आत कुठंही असो, आठ फोल्डरांच्या पोटात असो, केर हे नाव दिसलं की यंत्र ते उचलणार नाही. बाकी सगळं प्रतीत जाईल."

"म्हणजे घर झाडायचं काम आमच्याकडं आणि फुशारकी तुझ्याकडं," कोणी व्याही म्हणाला.

"झाडा तरी. तुमच्या बायकोनं पुलावाचे चाळीस फोटो पाठवलेत, एकाच ताटाचे."

लोक हसले. एजे म्हणाली, "माझ्या रजयांमध्ये ठेवीन ती तुझी डिस्क. पण तुमचा केर माझ्या घरात नको हं."

"येणारच नाही, एजे. तोच तर नियम केलाय."

हे चालू होतं तेव्हा उलकान बाहेर होती. धाकट्या भावाची बायको ती. मेजवानीत तिची जागा कढईपाशी. आत काय हसणं चाललंय ते तिला ऐकू येत होतं, शब्द येत नव्हते. धुरानं डोळे भरले होते आणि ती जाळ मागे ओढत होती.

परत येताना सागिन गाडीत खुशीत होता. "आता आभाळ कोसळलं तरी काही जायचं नाही, म्हातारे. प्रत एजेकडे."

"सगळ्याची?" तिनं विचारलं.

"सगळ्याची."

केराबिराचं तिला कशाला सांगायचं, ती कुठं व्हिडिओ काढते, असं त्याला वाटलं असणार. आणि ती इतकी सुखावली की पुढे काही विचारायचं तिला सुचलं नाही. पोर आता दोन घरांत आहे, असं तिच्या मनात आलं. त्या शुक्रवारी सागिन डिस्क घेऊन निघाला तेव्हा तिनं ती स्वच्छ रुमालात बांधून दिली. सागिननं भुवया उंचावल्या, पण नेली तशीच.

जानेवारीत थंडीनं सरोवराच्या काठची वाळू गोठली आणि वीज रोज जायला लागली. एका दुपारी ती गेली ती संध्याकाळी आली, आणि आली ती दणका देत आली. दिवा भगभगून फुटला, फ्रीजनं आचका दिला आणि कोठीतून जळक्या रबराचा वास आला. सागिन धावला. उलकानही धावली, त्याच्या आधी पोचली. यंत्रातून धुराची बारीक रेघ निघत होती. तिनं तशीच त्यात हात घातला, तेव्हा सागिननं तिला बाजूला केलं.

"अगं घाबरतेस काय? ह्यासाठीच तर सगळं केलं. प्रत आहे ना."

मग तो हिरिरीनं कामाला लागला. नवीन डिस्क आणल्या, जळलेला भाग बदलला, एजेकडून प्रत आणली आणि दोन दिवस कोठीत मांडी ठोकून बसला. उलकान तिथंच त्याला जेवण नेऊन द्यायची आणि पडद्यावरून वर सरकणारी नावं बघत उभी राहायची. जीपारचं लग्न आलं. कोरियातले पुतणे आले. पुलावाचं ताटसुद्धा आलं, चाळीसपैकी एक. सागिननं सगळ्या नातेवाइकांना एकच निरोप पाठवला की एकही फोटो गेलेला नाही. उत्तरं आली, कौतुकं आली. तो ती तिला मोठ्यानं वाचून दाखवत होता, आणि बऱ्याच दिवसांनी त्याचा आवाज पूर्वीसारखा लागला होता.

तो डॉमिनो खेळायला गेला तशी उलकान कोठीत गेली. फोल्डर तिथं नव्हतं. तिनं वर बघितलं, खाली बघितलं, सागिनच्या फोल्डरमध्ये, जीपारच्या फोल्डरमध्ये बघितलं. सगळ्यांचं सगळं होतं. तिनं इअरफोन उगाचच कानात घातला आणि काढला. आपलंच काही चुकत असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

सागिन आल्यावर तिनं चहा ओतता ओतता विचारलं, "कोणाचं काही राहिलं नाही ना?"

"राहील कसं? केर वगळून सगळं आलं."

"केर म्हणजे?"

"अगं, नियम आहे तो. जे नकोसं ते केर नावाखाली टाकायचं, म्हणजे प्रतीत येत नाही. एजेकडे सांगितलं होतं ना सगळ्यांना." मग त्याला आठवलं. "तू बाहेर होतीस वाटतं. तरी म्हणतो, लोक शहाणे झाले. बराच केर टाकला होता त्यांनी. माझी केवढी जागा वाचली."

उलकान वाडगा भरत होती. तिनं किटली सरळ केली, वाडगा त्याच्यापुढे ठेवला, तळलेले बोर्सोक पुढे सरकवले. तिला वाटलं, आपण आत्ता ओरडणार आहोत, पण ती उठली आणि गायीला वैरण घालायला गेली. गोठ्यात गायीच्या मानेला धरून तिनं तोंड दाबून घेतलं. पोर पुन्हा गेलं होतं, आणि या वेळी मातीसुद्धा द्यायची नव्हती.

काही दिवसांनी तिनं धीर केला. "ती जळकी डिस्क कुठंय? दुरुस्त होत नाही का ती?"

"कशाला दुरुस्त करायची? मोकळी केली मी ती. आतला चुंबक तुझ्या सुऱ्या टांगायला लावलाय बघ, कसला जोर आहे त्याला." आणि त्यानं खिडकीबाहेर बोट केलं. "तबकड्या जर्दाळूला बांधल्या. फळ धरलं की पाखरं येणार नाहीत."

जर्दाळूच्या उघड्या फांद्यांत आरशासारख्या लखलखीत दोन तबकड्या दोऱ्यावर फिरत होत्या. उलान वारा सुटला की त्या एकमेकींवर आपटून किणकिणायच्या. उलकान अंगणात यायची तेव्हा मान खाली घालून यायची. वारा नसेल त्या दिवशी मात्र झाडाखाली उभी राहायची. एकदा तिनं हात उंचावून एक तबकडी धरली. ती बर्फासारखी गार होती, आणि तिच्यात उलकानचंच तोंड दिसत होतं.

दुःखाबरोबर तिच्यात राग साठत गेला, आणि खरं सांगायचं तर त्या रागानंच तिला त्या हिवाळ्यात उभं ठेवलं. तिनं एक वाक्य तयार केलं: तुम्ही त्याला जाताना बघितलं नाहीत, आला तेव्हा बोलला नाहीत, आणि जेवढा उरला होता तेवढा केर म्हणून टाकून दिलात. मासे खारवताना ती ते मनात घोळवायची. कमी-जास्त करायची. ते वाक्य तोंडावर मारल्यावर त्याचा चेहरा कसा होईल तेही बघून ठेवायची. वसंतात नौरोजला सगळे घरी जमले तेव्हा ते अगदी जिभेवर आलं होतं. व्याह्यांनी सागिनच्या खांद्यावर नवा चपान, म्हणजे मानाचा लांब झगा, घातला, संदुकीचा राखणदार म्हणून. सागिन उठून उभा राहिला, चपानाच्या बाह्या त्याला लांब होत होत्या, आणि बोलता बोलता तो त्या दुमडत राहिला. गोदी बंद झाल्यापासून कोणी त्याला चपान घातला नव्हता. उलकान दारात चहाची किटली घेऊन उभी होती. आत्ता, तिला वाटलं. सगळ्यांसमोर. मग कोणीतरी वाडगा पुढे केला आणि तिनं तो भरला.

जूनमध्ये जर्दाळू पिवळा पडायला लागला. एक दिवस सागिन छपरावर चढला. पत्रे सैल झाले होते, कधीचं करायचं राहिलं होतं. उलकान खालून खिळे देत होती. दोन पत्रे ठोकून तो थांबला, तिथंच बसला, हातोडी मांडीवर ठेवून. बराच वेळ खाली आला नाही. आला तेव्हा शिडीच्या शेवटच्या पायरीवरच टेकला आणि म्हणाला, "बायबिचे."

तिनं मान वर केली.

"त्यानं सलाम पाठवला होता ना मला? छपराचंही काहीतरी म्हणाला होता."

"हो."

"मला तो ऐकायचाय. त्याच्याच तोंडून." तो हातमोज्यातला धागा ओढत होता. "एजे म्हणाली तेव्हा मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. पण मला ठाऊक होतं, तू कुठंतरी ठेवला असशील. तू टाकणारी बाई नाहीस. त्या भरवशावर मी गप्प बसलो, की बघू, धीर होईल तेव्हा मागू. संदुकीची एवढी उस्तवार कोणासाठी केली मी? व्याह्यांच्या पुलावासाठी? मला वाटायचं, तू त्यात कुठं ठेवलेलं असलं तर ते राहिलं पाहिजे. मी शोधलं नाही. धीर झाला नाही. आज ऐकव."

वाक्य तयार होतं. हिवाळाभर धार लावलेलं होतं. उलकाननं त्याच्याकडे पाहिलं, त्या म्हाताऱ्या, धुळीनं माखलेल्या, शिडीवर अवघडून बसलेल्या माणसाकडे, आणि तिला दिसलं की हे वाक्य त्याला पेलणार नाही. तो कोठीत जाईल, संदुकीचा खटका बंद करील, आणि मग ह्या घरात तीही एकटी उरेल. राग तिथंच होता, तसूभरही कमी झाला नव्हता. तरी ती म्हणाली, "नाहीये."

"नाही म्हणजे?"

"पुसलं ना मी. एजेसमोर. तुम्ही दारात होतात."

"ते फोनमधलं. दुसरीकडे ठेवलं असशील की."

"नाही ठेवलं. एजे म्हणाली, त्याला तिकडं त्रास होतो. मी सगळं पुसलं."

सागिन उठला. त्याचा चेहरा अगदी तिनं हिवाळाभर बघून ठेवला होता तसाच झाला, फक्त कारण वेगळं होतं.

"एजे म्हणाली आणि तू पुसलंस," तो म्हणाला. "पोटचं पोर. एजे म्हणाली, आणि पुसलंस. कसली आई गं तू."

लोकांना उलकानच्या गप्प राहण्याची सवयच होती. खिळ्यांचा डबा तिनं छातीशी धरला होता. सागिन फाटकापर्यंत गेला, पण कडी न काढताच थांबला आणि परत आला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि ते रागापेक्षा वाईट होतं.

"मला त्याचा आवाज आठवत नाही, उलकान." त्यानं कितीतरी वर्षांत तिचं नाव घेतलं नव्हतं. "तोंड आठवतं. आवाज गेला. तुला तर पाठ असेल. तू म्हणून दाखव. तो म्हणाला तसं."

तिला अक्षर न् अक्षर पाठ होतं. कुठं थांबला, कुठं नाक ओढलं, 'बाबांना' म्हणताना आवाज कसा खाली गेला, सगळं. तिनं डबा खाली ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाली, "बाबांना माझा सलाम सांग. रागावलेत ते, माहीत आहे मला. उन्हाळ्यात येतो म्हणावं, छपराचं काम दोघं मिळून करू." शब्द सगळे आले, थांबायच्या जागाही बरोबर आल्या. पण आवाज एका म्हाताऱ्या बाईचा होता. तिनं पुन्हा म्हटलं, जरा जाड आवाजात, आणि आतून दुसरा आवाज वर येतोय का याची वाट पाहिली. आला नाही. कधीपासून येत नव्हता ते तिला कळलंच नव्हतं.

"असा नाही बोलायचा तो," सागिन म्हणाला.

"नाही," उलकान म्हणाली.